टिटवीची खोटी हाक

सागाच्या एका जंगलात एक तळे होते, आणि त्या तळ्याकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत असे. राहत असे म्हणजे काय, मुलांनो, तर नुसती बसत असे. टिटवीला घरटे बांधायची हौस नाही. चार खडे बाजूला सारले की झाले तिचे घर. अंडीही अशी, की खड्यांत ठेवली तर खडेच वाटावीत. येणाराजाणारा त्यांवर कधी पाय देईल याचा नेम नाही. म्हणून टिटवीला सदा डोळे उघडे ठेवावे लागतात, आणि डोळ्यांना काही दिसले की लगेच तोंडही उघडावे लागते.

टिटवी ओरडली की काहीतरी वाईट घडते, असे मोठी माणसे म्हणतात. त्यांचे ऐकू नका. काहीतरी वाईट येत असते, म्हणून ती ओरडते. आधीचे नंतर आणि नंतरचे आधी करण्यात मोठी माणसे पटाईत असतात. जंगलातले प्राणीही त्या बाबतीत काही कमी नाहीत, ते आता कळेलच.

त्या साली उन्हाळा कडक होता. टिटवीच्या नवऱ्याला चैत्रातच शिकरा या शिकारी पक्ष्याने उचलले होते, आणि चार अंडी एकट्या तिच्या गळ्यात पडली होती. वैशाखात गोटे इतके तापत, की त्यांवर अंडी शिजावीत. म्हणून ती दिवसभर एकच काम करी. तळ्यात उतरायचे, पोटाची पिसे भिजवायची, तुरुतुरु धावत यायचे आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसायचे. पिसे वाळली की पुन्हा तळे. एक दुपार जरी तिला तळ्यापासून लांब राहावे लागले असते, तरी अंड्यांतली पिल्ले आतल्या आत संपली असती.

तळ्यावर सगळेच पाण्याला येत. हरिणे येत, सांबरे येत, रानडुकरे येत, वानरे येत. बिबट्याही येई, पण त्याला तहान वेगळी असे. तळ्याच्या एका अंगाला उंच गवत होते. त्या गवतात बिबट्याचा नुसता कान हलला, तरी टिटवी किंचाळे, "टिटीव! टिटीव! टिटीव!" आणि मग सगळे जीव मुठीत धरून जे पळत, ते थेट समोरच्या टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली.

तिथे जंगलाचा एक जुना रिवाज होता. सर्वांत वडीलधारे होते सांबरआजोबा. ते सगळ्यांची डोकी मोजत. एखादे डोके कमी भरले, की सगळे माना खाली घालून म्हणत, "टिटवीची हाक खरी होती हो!" आणि सगळी डोकी पुरी भरली, की एकमेकांकडे बघून म्हणत, "हॅत्! उगीच पळवलं."

थांबा जरा. इथे तुम्हाला काही खटकले का? त्या जंगलात कोणालाही खटकत नव्हते. मागच्या थंडीत एकदा तळ्यावर दाट धुके होते. टिटवीला बिबट्या उशिरा दिसला, हाक उशिरा गेली, आणि नीलगाईचे वासरू गेले. त्या दिवशी टिटवीचे केवढे कौतुक झाले! "काय नजर आहे हो हिची!" असे खुद्द कोल्होबा म्हणाले, आणि जिभल्या चाटत गवताकडे गेले. टिटवी मात्र मान खाली घालून आपल्या खड्यांत जाऊन बसली. जन्मात एकदाच ती चुकली होती, आणि नेमकी तेव्हाच सगळ्यांनी तिला खरी म्हटले होते.

एका दुपारी गवतात पुन्हा काहीतरी पिवळे हलले. टिटवी ओरडली आणि सगळे उधळले. त्या रेटारेटीत हरिणीचे पाडस एका दगडावरून घसरले आणि त्याचा मागचा पाय मुरगळला. मोहाखाली सांबरआजोबांनी मोजणी केली. सगळे होते.

हरिणी तावातावाने पुढे आली. "माझ्या लेकराचा पाय गेला, आजोबा! आणि कशासाठी? बोलवा त्या टिटवीला!"

टिटवी उडत आली. एक डोळा तिने अंड्यांकडेच ठेवला होता.

"काय पाहिलंस तू?" सांबरआजोबांनी विचारले.

"बिबट्या, आजोबा. त्याचा कान पाहिला."

"मग गेला कुठे तो?" कोल्ह्याने मधेच तोंड घातले.

"मागे वळला."

"अस्सं! आणि का बरं वळला?"

"मी ओरडले म्हणून. तो दबा धरून येतो. आपण दिसलो हे त्याला कळलं की त्याचा डाव मोडतो. मग तो थांबत नाही."

"ऐकलंत का मंडळी?" कोल्हा सगळ्यांकडे वळून म्हणाला. "बिबट्या आला तर ही खरी, आणि नाही आला तरी ही खरीच! म्हणजे चित भी मेरी, पट भी मेरी."

सगळे खो खो हसले. टिटवीच्या बाजूचे जे काही होते, ते तिकडे गवतात होते, आणि मोहाखाली उभे राहून ते कोणालाच दिसत नव्हते.

मग कोल्ह्याने घसा खाकरला आणि जंगलासाठी एक नवा कायदा सुचवला. यापुढे खोटी हाक देणे हा गुन्हा. हाक दिली आणि मोहाखाली सगळी डोकी पुरी भरली, तर हाक देणाऱ्याला वाळीत टाकायचे. त्याच्याशी कोणी बोलायचे नाही, आणि त्याला तळ्यावर पाऊल ठेवू द्यायचे नाही. कोल्होबांना न्यायाची एवढी कळकळ कुठून आली, असे विचाराल, तर बिबट्याचे जेवण झाल्यावर उरलेसुरले कोण खातो ते आठवा. पण सगळे खापर एकट्या कोल्ह्यावर फोडणेही बरोबर नाही. रोजच्या पळापळीला सगळेच कंटाळले होते. पाण्याला तोंड लावावे आणि टिटवीने बोंब ठोकावी, हे किती दिवस सोसणार? सांबरआजोबांनी चहूकडे पाहिले. कोणीच नाही म्हणेना.

"ठरलं तर मग," ते म्हणाले. "टिटवे, आजची हाक माफ. पुढची नाही."

टिटवी परत येऊन अंड्यांवर बसली. तळ्याचे पाणी हाताच्या अंतरावर चमकत होते. ते बंद झाले तर काय होईल, याचा विचार करायलाही तिचे धाडस होईना.

त्यानंतर तळ्यावर शांतता पसरली. सगळ्यांना ती फार आवडली. "किती दिवसांनी पोटभर पाणी प्यायलो!" असे जो तो म्हणू लागला. आया आपल्या पोरांना दटावू लागल्या, "गप्प बस, नाहीतर टिटवी म्हणतील तुला." झाडाच्या शेंड्यावर बसणारा हुप्प्या वानर पूर्वी संशय आला की खेकसून सगळ्यांना सावध करी. तोही आता काही हलताना दिसले की काख खाजवत दुसरीकडे बघे. पक्के दिसल्याशिवाय बोलायचे नाही, असे सगळ्यांनी मनाशी ठरवले होते. पण मुलांनो, बिबट्या पक्का दिसतो तेव्हा तो आपल्या अंगावर असतो.

एका सकाळी रानडुकरीण पिल्लांना घेऊन पाण्यावर आली. टिटवी पोट भिजवून परत येत होती, तेवढ्यात गवताचे शेंडे हलले. वारा तर नव्हता. तिने चोच उघडली. मग तिला अंडी दिसली. "वाराच असेल," ती स्वतःशीच म्हणाली, आणि चोच मिटून अंड्यांवर बसली.

वारा नव्हता.

मोहाखाली मोजणी झाली. डुकरिणीचे एक पिल्लू कमी भरले.

"हाक कोणी दिली होती?" सांबरआजोबांनी विचारले. कोणीच पुढे येईना.

"हाकच नाही, तर खोटी हाक कुठून येणार?" कोल्हा म्हणाला. त्याचे पोट टम्म होते. "गुन्हा काही घडलेलाच नाही. पांगा आता."

"पण माझं पिल्लू गेलं ना?" डुकरीण म्हणाली.

"ते नशीब, बाई. नशिबाला कसं वाळीत टाकणार?"

डुकरीण बराच वेळ तिथेच उभी राहिली. संध्याकाळी हुप्प्या खाली उतरून पाण्यावर आला आणि टिटवीजवळ हळूच म्हणाला, "मला दिसलं होतं गं. पण म्हटलं, तो नसला तर?" टिटवीने मान फिरवली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. पूर्वी लोक तिला खोटी म्हणत तेव्हा तिला राग येई. आता कोणी काहीच म्हणत नव्हते, आणि तिला स्वतःची लाज वाटत होती.

दिवस गेले. अंड्यांच्या आतून टकटक ऐकू येऊ लागली. आता पिल्ले आज येतात की उद्या, असे झाले होते. नेमक्या त्याच वेळी एकदा उन्हे कलताना हरिणी पाण्यावर आली. पाडस तिच्या मागे लंगडत होते. त्याचा पाय अजून पुरता सुधारला नव्हता, म्हणून ती दोघे नेहमी सगळ्यांच्या मागून येत. पाडसाने पाण्याला तोंड लावले, आणि त्याच्यामागे गवतात दोन कान उभे राहिले.

टिटवीने ते पाहिले. ओरडावे, तर पाणी बंद, आणि पाणी बंद म्हणजे पिल्ले गेली. न ओरडावे, तर ते समोरचे पिल्लू गेले. हीच ती हरिणी, जिने तिला मोहाखाली उभी केली होती! "गप्प बस. तुझी गेली तर कोण येणार आहे?" असे तिचे एक मन म्हणाले. पण डुकरीण मोहाखाली कशी उभी होती, ते तिला आठवले. एकदा गप्प बसून पाहिले होते. पुन्हा ते तिच्याने होणार नव्हते.

"टिटीव! टिटीव! टिटीव!"

सगळे उधळले. हरिणीनेही दोन उड्या मारल्या आणि ती थांबली. पाडस मागेच राहिले होते. त्याला धावता येईना. ती परत फिरली, त्याच्यापुढे आडवी उभी राहिली, आणि गवताकडे बघत राहिली. जंगलातल्या कोणीही आजवर कधीच असे थांबून बघितलेले नव्हते. हाक ऐकली की पाठ फिरवायची, हेच सगळ्यांना ठाऊक होते.

गवतातून बिबट्या उठला. त्याने हरिणीकडे पाहिलेही नाही. डोक्यावर घिरट्या घालून गाव गोळा करणाऱ्या टिटवीकडे त्याने रागाने पाहिले, शेपटी आपटली, आणि वळून निघून गेला. जेवणाच्या पानावरून कोणी उठवले तर माणूस जसा उठतो, तसा अगदी.

हरिणीने टिटवीकडे पाहिले. मग ती पाडसाला घेऊन हळूहळू टेकाड चढू लागली. टिटवी घाईघाईने तळ्यात उतरली. आता हे शेवटचेच पाणी, म्हणून तिने पोटच काय, पंखही भिजवून घेतले.

पाण्यावरून आवाज लांबवर जातो. मोहाखालचे एकेक बोलणे तिला ऐकू येत होते.

"दोन डोकी कमी आहेत," सांबरआजोबांचा आवाज आला. "हरिणी आणि तिचं पाडस."

कोणीतरी हुंदका दिला. सगळे एका सुरात म्हणाले, "टिटवीची हाक खरी होती हो!"

"काय नजर आहे हो हिची!" असे म्हणून कोल्होबा लगबगीने गवताकडे निघाले, आणि टेकाडाच्या अर्ध्या उतारावर त्यांची गाठ पडली ती वर चढणाऱ्या हरिणीशी. मागे पाडस, धडधाकट. म्हणजे, होते तेवढेच लंगडे. कोल्ह्याचे तोंड एवढेसे झाले. पण जेवण हुकले तरी कायदा होताच. तो उलट्या पावली पळत गेला आणि ओरडला, "सगळे आहेत! डोकी पुरी भरली! खोटी हाक! वाळीत टाका तिला!"

"हो की! सगळे आहेत," कोणीतरी म्हणाले. "म्हणजे खोटीच होती." आणि आत्ता हुंदका देणाऱ्यानेही मान डोलावली.

तेवढ्यात हरिणीचा आवाज आला. इतका मोठा आवाज तिचा कोणी ऐकला नव्हता.

"आजोबा, आम्ही दोघं मेलो होतो तोवर ती खरी होती. आता आम्ही जिवंत आलो, म्हणून ती खोटी? मग परत जाऊ का आम्ही गवतात? तिला खरं ठरवायला?"

डोलणाऱ्या माना थांबल्या.

"मी बिबट्याला पाहिलं," हरिणी म्हणाली. "तो उठला, तिच्यावर चिडला आणि वळून गेला. ती सांगत होती अगदी तस्संच. आपल्यातल्या कोणी ते कधी पाहिलं नाही, कारण आपण सगळे पाठ करून पळतो. मीसुद्धा पळालेच असते. याच्या पायामुळे थांबले. चला, दाखवते."

मग सगळा जमाव टेकाड उतरून तळ्याकडे येऊ लागला. टिटवीला वाटले, आले आपल्याला हाकलायला. ती अंड्यांवरून उठली, आणि एक पंख मोडल्यासारखा जमिनीवर ओढत, केविलवाणी ओरडत दुसरीकडे पळू लागली. अंड्यांपासून शत्रूला लांब न्यायची टिटव्यांची ही जुनी युक्ती. आयुष्यात खोटे म्हणून ती जे काही करी, ते एवढेच.

"टिटवीताई, पंख आवर गं," हरिणी म्हणाली. "तुझ्यासाठी नाही, आम्ही पावलं बघायला आलोय."

गवताच्या कडेला चिखल होता. त्यात ताजे पंजे उमटले होते. पाण्याकडे येणारे, जपून टाकलेले. मग एका जागी खोल रुतलेले. मग वळून परत जाणारे. आणि बाजूला वाळून कडक झालेल्या चिखलात जुने पंजे होते. तेही येणारे, आणि तसेच वळून जाणारे. सांबरआजोबा नाक खाली घालून एकेक ठसा हुंगत पुढे गेले. "म्हणजे दर वेळी..." ते म्हणाले. ज्या हाकांना सगळे हसले होते, त्या सगळ्या तिथे चिखलात जशाच्या तशा होत्या.

एकाच ठिकाणचे पंजे वळलेले नव्हते. ते सरळ पाण्यापर्यंत गेले होते. डुकरीण तिथे जाऊन उभी राहिली.

"कायदाच चुकला," सांबरआजोबा म्हणाले. "आपण जिला गुन्हा म्हणालो, ती राखण होती. आणि गुन्हा घडला, तेव्हा आपण म्हणालो, काही घडलंच नाही."

कोल्ह्याने लगेच वारा पाहून पाठ फिरवली. "अगदी बरोबर, आजोबा! मी तर म्हणतो, कायदा उलटा करू. जो बघूनही गप्प बसेल, त्याला वाळीत टाकू!"

"मग पहिली मीच," टिटवी म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. तिने डुकरिणीकडे पाहिले, आणि मग तिच्याने पाहवेना.

"त्या सकाळी मला दिसलं होतं. मी ओरडले नाही. मला माझी अंडी दिसली."

हुप्प्याही शेंड्यावरून हळूच म्हणाला, "आणि दुसरा मी."

डुकरीण जड पावलांनी टिटवीजवळ आली.

"त्या दिवशी ओरडली असतीस, तर माझं पोर असतं," ती म्हणाली. "हे मी विसरणार नाही. पण ओरडली असतीस तर तुझी पोरं गेली असती, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून घालवली असती. तेही विसरणार नाही. आता एक कर. ओरडत जा."

टिटवीला रडू कोसळले. मग ती म्हणाली, "आजोबा, गप्प बसणाऱ्याला शिक्षा करू नका. ओरडणाऱ्याला करू नका, म्हणजे झालं. मग गप्प बसणार कोण?"

सांबरआजोबांनी मान डोलावली. वाळीत टाकण्याची भाषा त्या दिवसापासून तळ्यावर बंद झाली. एक नवा रिवाज मात्र सुरू झाला. हाक आली की पळायचे, मोजायचे, आणि सगळे निवले की कोणीतरी गवतात जाऊन काय होते ते पाहून यायचे. हे काम कोणाला द्यायचे, यावर फार चर्चा करावी लागली नाही. जंगलात सर्वांत तिखट नाक कोल्ह्याचे. "मी? मलाच का?" असे कोल्होबा म्हणाले खरे, पण न्यायाची एवढी कळकळ असलेल्याला नाही कसे म्हणता येणार?

दुसऱ्या दिवशी अंडी फुटली. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघतात तीच पळत. त्यांतले धाकटे तर टरफल डोक्यावर घेऊनच पळाले. थोड्या वेळाने त्याच्या मागे काहीतरी खडखडले, आणि ते जिवाच्या आकांताने किंचाळले, "टिटीव!"

अख्खे जंगल पळाले. मोहाखाली मोजणी झाली. हरिणीचे पाडस या वेळी सगळ्यांच्या मागे नव्हते, मध्ये होते. सांबरआजोबांनी शेवटचे डोके मोजले आणि हसून म्हणाले, "सगळे आहेत. छान झालं!"

कोल्होबा नाक वर करून पाहणी करून आले. "सागाचं पान होतं," ते तुसडेपणाने म्हणाले. "वाळलेलं."

कोणी "हॅत्" म्हटले नाही. सगळे हसत हसत परत पाण्यावर आले. ते पिल्लू आईच्या पंखाखाली तोंड लपवून बसले होते. आपले काहीतरी फार चुकले, एवढे त्याला कळले होते. हरिणी वाकली आणि तिने आपल्या नाकाने त्याच्या डोक्यावरचे टरफल अलगद बाजूला केले.

"पुन्हा काही हललं ना, बाळा," ती म्हणाली, "तर पुन्हा ओरड हं."

तात्पर्य : टळलेले संकट कोणाला दिसले नाही, एवढ्याने ते टाळणारा खोटा ठरत नाही. कोणाला गुन्हेगार म्हणण्याआधी, ज्या बाजूला आपण पाठ फिरवली ती बाजू एकदा जाऊन पाहावी.